‘हिला दूधच नाही’ असा निकाल देणाऱ्या आपण कोण?



मागच्या महिन्यात नात्यातल्या एका घरी बाळंतिणीला भेटायला गेले होते. बाळ आठ दिवसांचं. खोलीत आम्ही सहा बायका, आणि बाळ एकसारखं रडत होतं. एकीने सांगितलं, अळिवाची खीर वाढवा. दुसरी म्हणाली, शतावरी सुरू करा. तिसरीने दृष्ट काढायला मीठ-मोहरी मागवली. चौथी म्हणाली, हिच्या आईलाही नव्हतंच दूध, घराण्यातच नाही. पाचवी येतानाच पावडरचा डबा घेऊन आली होती, तो तिने उशाशी ठेवला. ती पोर मात्र भिंतीकडे तोंड करून पडली होती. सहावी मी. जवळ जाऊन हळूच विचारलं, “पाजताना दुखतं का गं?” ती बोलली नाही. नुसती मान हलवली आणि डोळ्यांना धार लागली. दोन्ही बाजूंच्या निपलना चिरा पडून रक्त येत होतं, आणि घरात कुणालाच ते माहीत नव्हतं. आठ दिवस!

त्या खोलीतून बाहेर पडले तेव्हाच ठरवलं, यावर लिहायचं. काही जणींना हे कडू लागेल. लागू द्या, काढाही कडूच असतो.

माझं म्हणणं एकच आहे. बाळाला अंगावर पाजताना अडचण आली तर तिला जाणकार माणूस लागतं, आणि तेही पहिल्याच आठवड्यात लागतं. दात दुखला तर आपण दाताच्या डॉक्टरकडे जातो. चष्म्याचा नंबर शेजारणीला विचारत नाही. मग बाळाचं पोट ज्यावर अवलंबून आहे, त्याच गोष्टीचा निकाल भेटायला आलेल्या बायकांनी का लावायचा?

मी हे उंच पाटावर बसून सांगत नाही. माझ्याकडून ही चूक दोनदा झाली आहे.

पहिली वेळ माझ्या स्वतःच्या बाळंतपणाची, १९८५ सालची. पहिल्या तीन दिवसांचा चीक ‘जड असतो’ म्हणून काढून टाकला. मध आपल्या घरात चालत नाही, म्हणून बाळाला गुळाचं पाणी चाटवलं. मला पाणी कमी द्यायचं, नाहीतर पोट सुटतं, असा दंडक. पंधराव्या दिवशी एका बाजूची छाती दगडासारखी झाली, थंडी वाजून ताप आला. दूध नासलं, आता पाजू नको, असं सगळ्यांनी सांगितलं आणि मी ऐकलं. मुलगा बाटलीवर, पाणी घातलेल्या गाईच्या दुधावर वाढला. त्या वर्षात दोनदा जुलाब होऊन त्याला सलाईन लावावं लागलं. सासूबाई वाईट नव्हत्या, त्यांना जे सांगितलं गेलं होतं तेच त्या करत होत्या. पण आज मला माहीत आहे की चीक हेच बाळाचं पहिलं संरक्षण असतं. छातीत गाठ होऊन ताप आला तर डॉक्टरला दाखवायचं असतं आणि पाजणं चालूच ठेवायचं असतं. ते दूध बाळाला बाधत नाही. उलट एकदम थांबवलं तर दूध साचून गळू होण्याची भीती वाढते.

दुसरी चूक जास्त लागते, कारण तेव्हा मी अडाणी नव्हते, फक्त गर्विष्ठ होते. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी, धामणगावला आली. सिझर झालं, एका खासगी दवाखान्यात. बाळ २ किलो ९०० ग्रॅमचं. दुसऱ्याच दिवशी तिथल्या एका बाईने ‘सिझरवालीला दूध उशिरा येतं’ म्हणून बाटली भरून दिली. बाळाला छातीशी कसं धरायचं हे मात्र कुणी दाखवलं नाही. घरी आलो त्याच संध्याकाळी आशाताई दारात आल्या. मी उंबऱ्यातूनच सांगितलं, “सगळं व्यवस्थित आहे, सुवेर आहे, नंतर या.” खरं कारण सुवेराचं नव्हतंच. मनात होतं की हे सरकारी काम गरिबांसाठी असतं, आपल्याला काय गरज! 

सातव्या दिवशी त्या पुन्हा आल्या आणि या वेळी हटल्या नाहीत. झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन केलं. २ किलो ५५०. जन्मापासून ३५० ग्रॅमची घट, म्हणजे १२ टक्के. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच. सात टक्क्यांपर्यंत फारसं काळजीचं नसतं, पण दहाच्या पुढे गेलं की थांबायचं नसतं. आशाताईंनी लेकीला समोर पाजायला सांगितलं, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, “बाळ नुसतं टोक चोखतंय, दूध ओढतच नाही. आजच दाखवा.” ज्या बाईला मी दारातून परत पाठवलं होतं, तिच्या नजरेने जे पकडलं ते मला सात दिवसांत दिसलं नव्हतं. मी दोन मुलं वाढवलेली, वर पदवीधर.

त्याच दुपारी घाट चढून बुलढाण्याला गेलो. बालरोगतज्ज्ञ बाईंकडे पाजण्याबद्दल शिकलेल्या एक सिस्टर होत्या. त्यांनी पाऊण तास दिला. पोटावर टाके, म्हणून बाळाला मांडीवर न घेता काखेखाली धरायला शिकवलं. बाळाचं डोकं दाबायचं नाही, मान आणि खांदे धरून बाळाला छातीकडे आणायचं, छाती बाळाकडे न्यायची नाही. तोंड जांभईएवढं मोठं उघडेपर्यंत थांबायचं. हनुवटी छातीत रुतलेली हवी, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा आणि निपलभोवतीचा काळा भाग बाळाच्या वरच्या ओठाकडे जास्त दिसला पाहिजे, खालच्या ओठाकडे कमी. बाळ गिळतं तेव्हा बारीक ‘कः’ असा आवाज येतो, तो त्यांनी लेकीला कान देऊन ऐकायला लावला. पाजण्याआधी आणि नंतर वजन केलं, चाळीस ग्रॅम वाढलं होतं. म्हणजे दूध होतं! सात दिवस ते तिथेच होतं, फक्त बाळापर्यंत पोचत नव्हतं.

काही दिवस त्यांनी दूध हाताने काढून वाटी-चमच्याने द्यायला सांगितलं, आणि कमी पडेल तेवढं पावडरचं दूधही मोजून, वाटीनेच. ते औषधासारखं दिलं आणि वेळ आल्यावर बंद केलं. एकविसाव्या दिवशी आशाताईंच्या काट्यावर बाळ २ किलो ९२० भरलं. लेक त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली.

आता मी कॉमर्सवाली, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगते. बाजारात मालाला मागणी वाढली की माल संपतो. आईच्या दुधाचं उलटं आहे. जेवढं काढाल तेवढं नव्याने तयार होतं. बाळ ओढतं तेव्हा मेंदूला निरोप जातो, प्रोलॅक्टिन दूध तयार करायला लावतं आणि ऑक्सिटोसिन ते खाली उतरवतं, त्यालाच आपण पान्हा म्हणतो. वेदना, भीती, अपमान यांनी पान्हा अडखळतो. आता त्या सहा बायकांची खोली आठवा. बाळ नीट ओढत नाही म्हणून मागणी कमी, टोमण्यांनी पान्हा अडलेला, त्यात डब्याने पोट भरलं की मागणी आणखी कमी. चार दिवसांनी दूध खरंच आटतं आणि आपण म्हणतो, बघा, मी म्हटलं नव्हतं का? आपणच दुकान बंद पाडतो आणि आपणच म्हणतो, माल नव्हता.

बाळ रडतं म्हणजे दूध नाही, हाही हिशेब चुकीचा. खरी वही दोनच ठिकाणी असते, वजनात आणि लंगोटात. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले व्हायला हवेत, आणि दोन आठवड्यांपर्यंत जन्माचं वजन परत यायला हवं. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणं हे नॉर्मल आहे. पण बाळ सुस्त पडलं, पाजायला उठतच नाही, लंगोट कोरडे, डोळे-अंग पिवळं, असं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, थेट डॉक्टर.

आता आपल्या बायकांचे ठरलेले आक्षेप घेते.

“आमच्या वेळी कुठे होत्या या सल्लागार?” होत्या की! वाड्यात चार जावा, दोन नणंदा, एकीचं पाजणं दुसरी बघायची. मुलगी लग्नाआधी दहा बाळंतिणी बघून शिकलेली असायची. आजच्या मुलीने पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहून एकीलाही पाजताना पाहिलेलं नसतं. तिच्यापुढे पहिलं बाळ येतं ते तिचंच. आणि आमच्या वेळचं सगळं छान होतं असंही नाही. किती बाळं गाईच्या दुधावर गेली, किती जुलाबाने दगावली, याची नोंद आपण ठेवली नाही एवढंच. आज बाळंतपणं दवाखान्यात होतात, तरी गाडी इथेच अडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली शंभरातली ८९ बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, पण पहिल्या तासात आईच्या छातीशी लागलेली बाळं फक्त ४२.

“हा पैसे काढायचा धंदा आहे.” मग आधी फुकट मिळतं ते तरी घ्या. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी यायचं असतं, वजन करायचं असतं, पाजणं बघायचं असतं. हे प्रत्येक घरासाठी आहे, बंगला असो की झोपडी. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टर आहेत. आयआयटी मुंबईने पाजण्याच्या पद्धतीवर तयार केलेले व्हिडिओ मराठीतही आहेत, फोनवर बघा. त्यानेही जमलं नाही तर बालरोगतज्ज्ञ किंवा शिकलेला स्तनपान सल्लागार, समोर शक्य नसेल तर व्हिडिओ कॉलवर. आणि फी? आम्ही दिलेली फी लेकीच्या डोहाळजेवणातल्या एका साडीपेक्षा कमी होती. ४०० ग्रॅमचा डबा पूर्ण वरच्या दुधावरच्या बाळाला आठवडाही पुरत नाही. सहा महिन्यांचे डबे मांडा आणि बेरीज तुम्हीच करा.

“परक्या बाईसमोर छाती उघडायची?” सिझरच्या टेबलावर आपण लाज दाराबाहेर ठेवून जातो, तिथे इलाज असतो म्हणून. इथेही इलाजच आहे. आणि त्या बाईला लाजून रक्त येणाऱ्या छातीने पाजत राहणं, यात कुठली मर्यादा राखली जाते?

“काहींना खरंच दूध नसतं.” बरोबर, थोड्या जणींना नसतं. थायरॉइड, बाळंतपणात फार रक्त जाणं, वारेचा तुकडा आत राहणं, छातीचं जुनं ऑपरेशन, अशी कारणं असतात. पण ती शोधणार कोण? अळिवाची खीर? कधी बाळाची जीभ खालून बांधलेली असते. कधी निपल आत वळलेलं असतं आणि ‘हिला जमणार नाही’ म्हणून सोडून देतात. त्यावर कर्नाटकातल्या दावणगेरेच्या डॉक्टरांनी साध्या सिरिंजची युक्ती काढली, तीही शिकवून घ्यावी लागते. आणि सगळं करूनही ज्या आईला पावडर द्यावी लागते, तिला एक शब्द बोलायचा नाही. तिचं मातृत्व छटाकभरही कमी होत नाही. माझा राग डब्यावर आहे, तोही न विचारता उशाशी येणाऱ्या. आईवर अजिबात नाही.

त्या डब्याचीही गोष्ट ऐका. मे १९८१ मध्ये मी बी.कॉम.च्या परीक्षा देत होते, तेव्हा जागतिक आरोग्य परिषदेत डब्यांच्या जाहिरातबाजीविरुद्ध नियमावली मंजूर झाली. बाजूने ११८ मतं, विरोधात एकट्या अमेरिकेचं. आपल्या देशात १९९२ साली कायदाच झाला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला. बाळाच्या पावडरची, बाटलीची जाहिरात करायची नाही. फुकट नमुने, भेटी द्यायच्या नाहीत. डब्यावर आईचा किंवा बाळाचा फोटो छापायचा नाही. मोडला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सरकारने कंपनीला जे करायला बंदी केली, ते काम आपण भेट म्हणून डबा नेऊन फुकटात करतो.

आणि ही चळवळ कुणा परदेशी मडमांची नाही. स्तनपानासाठी देशभर काम करणारी ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया ही संस्था १९९१ साली आपल्या विदर्भातच, वर्ध्याला स्थापन झाली. त्याच्या दोन वर्षं आधी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईत शीवच्या महापालिका रुग्णालयात मातांच्या दुधाची पेढी सुरू केली, ती आशियातली पहिली. ज्या नाजूक बाळांना स्वतःच्या आईचं दूध मिळू शकत नाही, त्यांना दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध तपासून, पाश्चराइज करून देतात. म्हणजे महाराष्ट्रात ज्ञान पस्तीस-चाळीस वर्षांपासून आहे. आपल्या माजघरात तेवढं पोचलेलं नाही.

आता धर्माचं बोलते, कारण पुष्कळदा आपण आपल्या आळसाला धर्माचं नाव देतो. पर्युषणात आपण दरवर्षी त्रिशलामातेची कथा ऐकतो. गर्भातल्या भगवंतांना वाटलं, आपल्या हलण्याने आईला त्रास होतो, म्हणून ते निश्चल झाले. आईला वाटलं, गर्भ गेला. ती आक्रंदू लागली. तेव्हा भगवंत पुन्हा हलले आणि माता शांत झाली. इतकी वर्षं मी या कथेत मातृभक्ती ऐकत आले. लेकीच्या बाळंतपणानंतर मला त्यात आणखी एक गोष्ट ऐकू येते. करुणा मनात असली तरी आईला खरंच काय हवं आहे ते जाणून घ्यावं लागतं. तीर्थंकरांनी ते जाणून लगेच आपलं वागणं बदललं. आणि आपण? “आमच्या वेळी असंच होतं” म्हणून वर्षानुवर्षं बदलत नाही.

वासराच्या तोंडचं दूध काढू नये म्हणून आपण गवळ्याशी वाद घालतो. पांजरापोळीला चारा पाठवतो. आणि घरातली बाळंतीण? तिला पाणी मोजून, रात्री चौविहाराच्या नावाखाली उपाशी, आणि वर दूध का येत नाही म्हणून प्रश्न! पच्चक्खाणात आगार असतात, ते कशासाठी? आजारी, बाळंतीण, पाजती आई यांच्यासाठी आपल्या धर्माने वाट मोकळी ठेवलेली आहे. सुवेर पाळायचं तर पाळा, पण सुवेरात देवदर्शन बंद असतं, डॉक्टर बंद नसतो. घरच्या बाळंतिणीसाठी गाडी काढणं, फी भरणं, जाणकार बाई शोधणं, हीसुद्धा जीवदयाच आहे.

आपल्या महिला मंडळापुढे मी तीन गोष्टी ठेवणार आहे. एक, डोहाळजेवणात फुलांच्या वाडीचे फोटो झाले की अर्धा तास आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना बोलावायचं आणि बाहुली घेऊन धरणं शिकवायला लावायचं, सासू आणि आई दोघींसमोर. दोन, आहेरात आणखी एक झबलं देण्याऐवजी सल्ल्याची फी पाकिटात घालून द्यायची. तीन, बाळंतिणीला भेटायला जाताना डबा न्यायचा नाही, मत न्यायचं नाही. विचारायचे ते दोनच प्रश्न: दुखतं का? वजन केलं का?

त्या आठ दिवसांच्या बाळाच्या आईला आम्ही दुसऱ्या दिवशी दवाखान्यात घेऊन गेलो. चौथीला, म्हणजे ‘घराण्यातच नाही’ म्हणणारीला, मी मुद्दाम गाडीत बसवलं. येताना ती माझ्याशी बोलली नाही. पण परवा तिचा फोन आला. भाचीची तारीख जवळ आली आहे, त्या सिस्टरचा नंबर हवा होता.

लेकीला दारातल्या त्या संध्याकाळबद्दल मी संवत्सरीला मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. आशाताईंना म्हणायचं राहिलं होतं, तेही त्यांच्या घरी जाऊन म्हणून आले. तुमच्यापैकी जिने कुणी कधी एखाद्या पोरीला ‘तुला दूधच नाही’ असं म्हटलं असेल, तिने संवत्सरीची वाट बघू नये. आजच फोन करावा.